लेखकाला काय वाटतं?

जूनच्या आठ तारखेला दुपारी तीन वाजता चीनमध्ये बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा पेपर सुरू होतो. परीक्षेच्या दिवसांत केंद्राच्या आसपासची बांधकामं थांबवतात, गाड्यांना हॉर्न वाजवू देत नाहीत, आणि फाटकाबाहेर मुलांच्या कितीतरी आया लाल छिपाव (पारंपरिक चिनी झगा) घालून उभ्या असतात, यशासाठी शुभ म्हणून. ही गाओकाओ, महाविद्यालयाच्या प्रवेशाची परीक्षा. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा, म्हणजे वजनाला चिनी भाषेइतका आणि गणिताइतका. त्यातले ५० गुण उताऱ्यांचे. मला लिहायचंय ते या उताऱ्यांबद्दल.

गेली काही वर्षं आम्ही झेजियांग प्रांतात, शाओशिंगच्या केछ्याओ भागात राहतो. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. इथल्या कापडबाजारात जगभरातून गिऱ्हाईक येतं आणि भारतातले पुष्कळ व्यापारी इथे बिऱ्हाड करून राहिलेत. मी इचलकरंजीची, त्यामुळे डाइंगचा, म्हणजे कापड रंगवण्याचा, वास आणि ट्रकमधून उतरणारे तागे मला परके वाटले नाहीत. इकडे येण्याआधी मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना ते कुठूनतरी कळलं. त्या बाजारात पडद्याच्या कापडाच्या दुकानात काम करतात, नवरा डाइंगमध्ये. त्यांची मुलगी शेवटच्या वर्षात गेली तेव्हा त्या डाळिंबांची पिशवी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, हिचे उतारे तेवढे बघाल का.

मुलगी वसतिगृहात राहायची. सकाळचं वाचन, दिवसभराचे तास, रात्रीचा सक्तीचा अभ्यास, असा सगळा आठवडा, आणि रविवारी दुपारची सुट्टी. त्या सुट्टीतले दोन तास ती माझ्याकडे यायची. मला ती ‘आयी’ म्हणायची. इथे शेजारच्या मावशीला तसंच म्हणतात.

पेपरातला वाचनाचा भाग असा असतो. आधी चार उतारे, ए, बी, सी, डी, आणि त्यांच्यावर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुणांचे. मग एक पाचवा मजकूर, ज्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात. खाली सात वाक्यं दिलेली, त्यांतली योग्य पाच जागेवर बसवायची. ए उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा असतो: संग्रहालयाची तिकिटं, सायकलवरून शहर दाखवणाऱ्या सहली, उन्हाळी शिबिरं. बीमध्ये एखाद्या माणसाची हकीकत. सी आणि डी चढत्या क्रमाने अवघड. डीमध्ये बहुतेक वेळा एखादं संशोधन असतं, किंवा माणसांच्या वागण्याबद्दलचा एखादा विचार. उतारे खास परीक्षेसाठी रचलेले नसतात. इंग्रजी वर्तमानपत्रं, नियतकालिकं, पुस्तकं यांतून ते उचलतात आणि कापून, सोपे करून तीनेकशे शब्दांत बसवतात. गोष्ट मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते.

प्रश्नांचे प्रकारही ठरलेले. तपशील शोधा. तिसऱ्या परिच्छेदावरून काय अनुमान निघतं ते सांगा. अधोरेखित शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखा. उताऱ्याला योग्य शीर्षक कोणतं? आणि एक प्रश्न, जो मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटत आला: या गोष्टीबद्दल लेखकाची भूमिका काय आहे? पर्याय चार. पाठिंबा देणारी, शंका घेणारी, तटस्थ, काळजीची.

तिच्या शाळेत चुकीच्या पर्यायांचा अभ्यास बरोबर उत्तरापेक्षा जास्त करून घेत. फसव्या पर्यायांची तिथे कुळंच पाडलेली आहेत. उताऱ्यात मुळात नसलेलं, हवेतून उभं केलेलं. एका गोष्टीच्या जागी हळूच दुसरी ठेवलेलं. थोड्यांबद्दलचं विधान सगळ्यांवर लादलेलं. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे ठाम शब्द घुसडलेलं. ती एखाद्या पर्यायावर काट मारायची तेव्हा शेजारी त्या कुळाचं चिनी नाव बारीक अक्षरात लिहायची. मुलांमध्ये एक तुकबंदीही चालते, तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब. ती ही तुकबंदी म्हणायची नाही. तिच्या मते ते आळशांचं काम होतं.

प्रश्नांमागून प्रश्न सोडवत राहण्याला इथली मुलं ‘घासणं’ म्हणतात. तिच्या दप्तरात सराव उताऱ्यांचे गठ्ठे असत, पातळ करड्या कागदावर छापलेले. प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर तिने वेळ टाकलेली. एला पाच मिनिटं, डीला दहा.

अडीच गुणांची किंमत मला हळूहळू कळली. निकालानंतर प्रांताचा एक तक्ता प्रसिद्ध होतो. कुठल्या गुणावर किती मुलं आणि वरून मोजत आल्यावर त्यांचा क्रमांक कितवा, हे त्यात एकेका गुणासाठी दिलेलं असतं. मधल्या पट्ट्यात एका गुणावर शेकड्यांनी मुलं असतात. ‘एक गुण वाढवा, हजारांना मागे टाका’ अशी वाक्यं शाळांच्या भिंतींवर लटकतात, ती या तक्त्यामुळे. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये याच प्रांतात इंग्रजीच्या परीक्षेत पेपर अवघड गेला म्हणून काही प्रश्नांचे गुण वाढवून दिले गेले. कुणाचे किती वाढले यावरून पालक इतके खवळले की प्रांत सरकारने चौकशी केली, वाढीव गुण रद्द केले आणि मूळचे गुण परत लावले. बाहेरून बघणाऱ्याला हा अतिरेक वाटेल. पण ज्या घरात आई दिवसभर पडद्याचं कापड मापते आणि बाप डाइंगच्या वाफेत उभा असतो, त्या घराला वरच्या मजल्यावर नेणारा दुसरा जिना मला तरी दिसत नाही.

शाओशिंगला परीक्षा नव्या नाहीत. जुन्या गावात छाई युआनपेई यांचं घर आहे, जपून ठेवलेलं. राजदरबारच्या परीक्षांमधली सर्वांत वरची पदवी त्यांनी तरुणपणीच मिळवली होती. पुढे ते जर्मनीत लाइपझिगला शिकायला गेले, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि नंतर पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख. त्या राजपरीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या. मी मुलीला एकदा विचारलं, छाई युआनपेई कोण ते तुला माहीत आहे ना? तिने त्यांची जन्म-मृत्यूची सालं सांगितली आणि पुन्हा सी उताऱ्याकडे वळली.

एक उतारा मात्र लक्षात राहिला. सराव परीक्षेतला डी होता. रस्त्यावरचे दिवे आणि रात्रीचे कीटक असा विषय. दिव्यांच्या उजेडात कुंपणाच्या झुडपांवर पतंगांच्या अळ्या कमी सापडतात, पांढऱ्या एलईडीखाली आणखी कमी, असं संशोधकांना आढळलं होतं. शेवटच्या परिच्छेदात लेखकाने लिहिलं होतं की कीटक घटण्याची कारणं अनेक आहेत, पण हे कारण असं आहे की जिथे गरज नाही तिथे बटण बंद केलं तरी फरक पडू शकेल. प्रश्न होता लेखकाच्या भूमिकेचा. तिने निवडलं होतं: गावांमधले रस्त्यावरचे दिवे काढून टाकावेत असं लेखकाला वाटतं. उत्तर होतं: हा प्रश्न तुलनेने सोप्या उपायांनी कमी करता येईल असं लेखकाला वाटतं.

तिला ते पटेना. मी म्हटलं, दिवे काढा असं त्याने कुठे म्हटलंय, बोट ठेव. तिने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. मी ते वाक्य तिला मोठ्याने वाचायला लावलं. ‘जिथे गरज नाही तिथे’ या शब्दांपाशी ती थांबली. पुन्हा वाचलं. मग बराच वेळ काही न बोलता बसली आणि शेवटी म्हणाली, ‘‘हे मला वाटतं, आयी. त्याला नाही वाटत.’’

दहावीच्या वर्गांना शिकवताना या एका गोष्टीसाठी मी जीव तोडला होता. मजकूर काय म्हणतो आणि मला काय वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणं. हे सोपं नाही. मोठी, शिकलेली माणसं वर्तमानपत्रातलं अर्धं वाक्य वाचतात आणि उरलेलं अर्धं आपल्या मनातून भरून भांडायला निघतात. इथे सतरा वर्षांची पोर, परक्या भाषेत, घड्याळ लावून, चार पर्यायांमधून नेमकं तेवढंच उचलायला शिकत होती जेवढं समोरच्याने खरोखर लिहिलंय. घासण्याला मी आधी नावं ठेवत असे. आता ठेवत नाही. समोरच्याच्या शब्दांना स्वतःचा शब्द न चिकटवता ऐकून घेणं ही मोठी सभ्यता आहे, आणि ती अडीच अडीच गुणांच्या प्रश्नांतून येत असेल तर तशी येऊ दे.

पण मी तिला पुढे विचारलं, तुला का वाटतं दिवे काढावेत असं? तिची आजी शंगचोउच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहते. लहानपणी ती उन्हाळ्यात तिथे जायची तेव्हा ओढ्याच्या काठाने काजवे असत. मग रस्ता रुंद झाला, खांब आले, पांढरे दिवे लागले. काजवे गेले. ते दिव्यांमुळेच गेले का हे तिला ठाऊक नव्हतं, पण उतारा वाचताना तिला तोच ओढा दिसत होता. बोलता बोलता तिचं इंग्रजी अडखळायचं थांबलं. कापलेल्या तीनशे शब्दांत न मावणारं काहीतरी ती सांगत होती. उत्तरपत्रिकेवर त्यासाठी जागा नव्हती. तिथे एका ओळीत चार चौकटी असतात आणि २बी पेन्सिलीने त्यांतली एक काळी करायची असते. यंत्र ती वाचतं.

आपल्याकडे दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली शेवटची कृती असते पर्सनल रिस्पॉन्सची. तुम्हाला काय वाटतं ते दोन-तीन वाक्यांत लिहा. कागदावर बघितलं तर आपण इथे चीनच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात माझ्या वर्गातली मुलं ती वाक्यं गाइडमधून पाठ करून यायची. पर्यावरणावर उतारा आला की झाडं लावा, आईवर आला की माझी आई मला फार आवडते. आपलं मत सांगायला सांगितलेलं असायचं आणि मत पाठ केलेलं असायचं. एका वर्षी एका मुलाने यंत्रमागाच्या आवाजावरच्या उताऱ्याखाली मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की माग बंद पडला की आमच्या घरात कुणाला झोप येत नाही. स्पेलिंग चार ठिकाणी चुकलेलं. मी त्याला पैकीच्या पैकी दिले आणि आजही तसेच देईन. पण असा तो एकटाच. त्यामुळे कोणती पद्धत बरी, याचा निवाडा मी करू धजत नाही. एकीकडे मुलाला विचारतच नाहीत, दुसरीकडे विचारतात आणि ऐकायला कुणी नसतं.

इंग्रजी शाळेत लवकर आणण्याचा निर्णय दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी झाला. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, चीनने २००१मध्ये ते प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपर्यंत खाली आणायचं ठरवलं. आणि दोन्हीकडे तेव्हापासून वाद आहे की याची एवढी गरज आहे का. २०१३मध्ये बीजिंगने गाओकाओतलं इंग्रजी १५० वरून १०० गुणांवर आणायचा प्रस्ताव मांडला होता, तो अमलात आला नाही. २०२१मध्ये राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या एका सदस्याने इंग्रजीला मुख्य विषयांतून वगळावं असं सुचवलं. शिक्षण मंत्रालयाने ते मानलं नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर मात्र सरकारने टाच आणली. मला विचाराल तर इंग्रजी परीक्षेत राहावं. शांघायमधल्या श्रीमंत घरातली मुलगी परीक्षेत असो वा नसो, इंग्रजी शिकणारच आहे. शंगचोउच्या डोंगरातल्या मुलीला शाळेत सक्तीने मिळालं तरच मिळेल. इचलकरंजीतही हेच खरं आहे.

तरी एक गोष्ट खुपते. ए उताऱ्यातलं ते माहितीपत्रक. परदेशातल्या एखाद्या संग्रहालयाचं कुटुंबाचं तिकीट, पाच वर्षांखालच्या मुलांना मोफत, बुधवारी सवलत, मग दोन मोठी आणि दोन लहान माणसं मिळून किती पैसे देतील. गणित चौथीचं. पण असं तिकीट ज्या मुलाने आयुष्यात काढलेलं नाही, त्याला आधी ‘कुटुंबाचं तिकीट’ ही गोष्टच कल्पावी लागते. शहरातलं मूल तोवर बीवर पोचलेलं असतं. प्रश्न काढणाऱ्यांना हे कळत नसेल असं मी मानत नाही. अलीकडच्या पेपरांत चीनमधल्या जागा, चिनी माणसं, चिनी कला यांवरचे उतारे पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, आणि तिथे तिचा चेहरा खुललेला मी पाहिलाय.

पेपराच्या शेवटी लेखन असतं. पहिला प्रश्न १५ गुणांचा, बहुधा पत्र किंवा निवेदन. पत्राखाली वर्षानुवर्षं एकच नाव चालत आलंय, ली हुआ. देशभरातल्या लाखो मुलांनी ली हुआ होऊन परदेशी मित्राला पत्रं लिहिली आहेत, त्याला चहाच्या मळ्यात बोलावलंय, आजारी पडल्याबद्दल क्षमा मागितली आहे. दुसरा प्रश्न २५ गुणांचा आणि तो मला फार आवडतो. साडेतीनशे शब्दांची एक गोष्ट अर्धवट तोडून देतात. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात. तिथून मुलाने दीडशे शब्दांत गोष्ट पूर्ण करायची. म्हणजे आधी नीट वाचायचं, पेरलेला प्रत्येक दाणा ओळखायचा, आणि मग स्वतः बोलायचं. झेजियांगमधल्या मुलांना हा प्रश्न इतर बहुतेक प्रांतांच्या आधीपासून आहे.

यासाठीसुद्धा साचे निघाले आहेत, हे सांगायला नको. डोळ्यांत पाणी तरळलं, सूर्याचे किरण खांद्यावर पडले, आईने मला कवटाळलं. तिच्या वहीत अशा वाक्यांची यादी होती. मी ती यादी फाडायला सांगितली नाही. त्या वाक्यांवर गुण मिळतात. मी तिला एवढंच म्हटलं, एक वाक्य तरी असं लिही जे यादीत नाही. पुढच्या रविवारी तिने हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट पुरी करून आणली. सूर्याचे किरण त्यातही होते. पण कुत्रा सापडल्यावर मुलगा रडत नाही, तो कुत्र्याच्या पायाला चिकटलेला चिखल नखाने काढत बसतो, असं तिने लिहिलं होतं. मी तिला विचारलं, हे कुठून आलं? म्हणाली, उताऱ्यात पाऊस पडत होता ना.

झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येते, एकदा जानेवारीत (२०१८मध्ये ती नोव्हेंबरमध्ये होती) आणि एकदा जूनमध्ये, आणि दोन्हींतले चांगले गुण धरतात. जानेवारीतला पेपर तिला बरा गेला, तरी तिने जूनचा सोडला नाही. घरातल्या कुणीही तो सोडावा असं सुचवलं नाही. वसंतोत्सवाच्या सुट्टीत ती आजीकडे फार थोडे दिवस राहिली आणि गठ्ठे बरोबर घेऊन गेली. शेवटचे शंभर दिवस उरले तेव्हा शाळेने मैदानावर शपथ घेववली. त्यानंतर आमच्या रविवारच्या दोन तासांचा एक तास झाला.

निकाल जूनच्या अखेरीला लागला. गुण तिचे आहेत, ते मी इथे लिहिणार नाही. आईबाप समाधानी होते. मग पसंतीक्रम भरायची धांदल. या प्रांतात ८० पर्याय भरता येतात आणि त्या घराने बरेचसे भरले. त्या गडबडीतच ती एका संध्याकाळी वर आली आणि तिने विचारलं की तो दिव्यांचा उतारा ज्या लेखातून घेतला होता, तो पूर्ण कुठे मिळेल. उताऱ्याखाली स्रोत छापलेला नव्हता. त्याच लेखापर्यंत काही मला पोचता आलं नाही, पण त्याच संशोधनाबद्दल सविस्तर लिहिलेला दुसरा एक लांब लेख सापडला. मी तो छापून दिला. वेळ लावायची नाही, म्हटलं.

चार दिवसांनी ती तो कागद घेऊन आली. समासांत चिनी आणि इंग्रजी मिसळून लिहिलेलं. आजीच्या गावातले काजवे आणि लेखातले पतंग यांत काय फरक आहे हे तिने शोधून काढलं होतं. शिवाय लेखकाने सुचवलेला एक उपाय तिला मान्य नव्हता. रात्री उशिरा रस्त्यांवर वर्दळ नसते, तेव्हा मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत खेड्यांतले दिवे बंद ठेवावेत, असं त्याने लिहिलं होतं. तिने त्या ओळीखाली जोरात रेघ ओढली होती.

‘‘आजी पहाटे साडेचारला भाजीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघते,’’ ती म्हणाली. ‘‘गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या निघतात. रस्ता उताराचा आहे आणि एका बाजूला ओढा. वर्दळ नसते हे याला कोणी सांगितलं? हा माणूस त्या वेळी तिथे कधी गेला आहे का?’’

मी म्हटलं, त्याने कदाचित त्याच्या देशातल्या खेड्यांबद्दल लिहिलं असेल.

‘‘मग तसं लिहायला हवं होतं,’’ ती म्हणाली आणि पुढच्या रेघेवर गेली.